दुकानाच्या नावाची भेटवस्तू : पहिल्यांदा वाटणाऱ्यांसाठी

जुन्या स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा हातात घेऊन काठाजवळ पाहिले, तर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे दिसतात : देणाऱ्याचे नाव, लग्नाची तारीख, क्वचित गाव. भांड्यावर नाव घालून घेण्याची ही पद्धत आपल्या इतकी सवयीची आहे की तिच्याकडे कुणी जाहिरात म्हणून पाहत नाही. पण डबा देणाऱ्या मामाला जाऊन वीस वर्षे झाली तरी डाळ काढताना त्याचे नाव रोज नजरेखालून जाते. व्यवसायाचे नाव छापून वाटायच्या वस्तूकडून आपल्याला नेमके हेच हवे असते.

सांगली, मिरज, कुपवाड या पट्ट्यातील लहान व्यापाऱ्यांना अशा वस्तू तयार करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. पहिल्यांदा हा खर्च करणाऱ्यांच्या चुका जवळजवळ ठरलेल्या असतात, आणि त्यांतील काही मी स्वतःही केलेल्या आहेत, त्यामुळे कामाचा क्रम एकदा सविस्तर लिहून ठेवीत आहे.

पहिली पायरी : वस्तू नव्हे, माणूस ठरवावा

नवा व्यापारी माझ्याकडे येतो तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘पेन केवढ्याला पडेल?’ असा असतो. या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी त्याला एका कागदावर आपल्या गिऱ्हाइकांचे गट लिहायला सांगतो : रोज येणारे, वर्षातून एकदाच पण मोठी खरेदी करणारे, स्वतः खरेदी न करता दुसऱ्याला आपले दुकान सुचविणारे. हा तिसरा गट बहुतेकांच्या कागदावर येतच नाही. कुपवाड रस्त्यावरील हार्डवेअरच्या दुकानाचे उदाहरण घ्यावे. नळाचे सामान घरमालक विकत घेतो खरा, पण कोणत्या दुकानातून आणि कोणत्या कंपनीचे घ्यायचे हे प्लंबर सांगतो. मग दिवाळीत घरमालकाला पेन देण्याऐवजी पन्नास प्लंबरांना चांगल्या प्रतीची तीन किंवा पाच मीटरची मोजपट्टी दिली, तर तोच पैसा योग्य हातात पडतो, आणि प्लंबर ती पट्टी ज्या-ज्या घरात उघडतो तेथे दुकानाचे नावही पोहोचते.

माझी पहिली चूक येथेच झाली होती. विश्रामबागेतील एका दुकानदाराला दसऱ्यासाठी एक हजार की-चेन घेण्याची शिफारस मी केली, कारण नगामागे दर कमी होता आणि आकडा मोठा दिसत होता. की-चेन चकचकीत होत्या, परंतु पंधरा दिवसांत मुलामा उडाला आणि कडी सैल पडू लागली. एका गृहस्थांची मोटरसायकलची किल्ली बाजारात कुठेतरी गळून पडली. ते उरलेली पट्टी घेऊन थेट दुकानात आले, आणि पट्टीवर मोठ्या अक्षरांत दुकानाचेच नाव होते. स्वस्त वस्तू बिघडते तेव्हा तिच्यावर कारखान्याचे नाव नसते, आपले असते.

दुसरी पायरी : वस्तू त्या माणसाच्या दिवसात कुठे बसेल ते पाहावे

गिऱ्हाईक ठरले की त्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. आमच्या भागातील द्राक्षबागायतदाराचे उदाहरण मी नेहमी देतो. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळकडील बागेत दिवस मोजले जातात ते छाटणीपासून. ‘आज बागेला चाळीसावा दिवस’ असे शेतकरी सहज बोलतो, आणि डाऊनी, भुरी, करपा या रोगांवरच्या फवारण्या त्याच हिशेबाने चालतात. निर्यातीच्या द्राक्षांसाठी तर कोणते औषध कधी मारले याची नोंद असावीच लागते. कृषी औषधांच्या एका दुकानदाराला जानेवारीत जाड, सोनेरी काठाची डायरी द्यायची होती. ती डायरी बागायतदाराच्या घरी कपाटात गेली असती आणि पुढे मुलाच्या गृहपाठाला लागली असती. त्याऐवजी आम्ही सदऱ्याच्या खिशात मावेल एवढी वही केली. आत पाच रकाने ठेवले : तारीख, छाटणीपासूनचा दिवस, औषध, लिटरला प्रमाण, पाऊस. मुखपृष्ठ पाणी न शोषणारे घेतले आणि कडेला पेन्सिल अडकवायला जागा ठेवली, कारण फवारणीनंतर ओल्या हाताने धरलेल्या पानावर बॉलपेन उठत नाही. वही वाटली ती सप्टेंबरच्या सुरुवातीला, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सुरू होण्याच्या आधी. दुकानाचे नाव मुखपृष्ठावर लहान आणि फोन क्रमांक मात्र प्रत्येक पानाच्या तळाशी होता. औषध संपल्याचे लक्षात येते त्या क्षणी तेच पान उघडलेले असते.

घरगुती गिऱ्हाइकासाठी दिनदर्शिका आजही चांगली वस्तू आहे, मात्र तिच्याकडून असलेल्या अपेक्षा मोठ्या आहेत. ‘कालनिर्णय’ १९७३ साली सुरू झाल्यापासून मराठी घराला तारखेबरोबर तिथी, संकष्टी, एकादशी आणि सणवार एकाच कागदावर पाहण्याची सवय झाली आहे, आणि नुसत्या इंग्रजी तारखांवर डोंगराचे चित्र असलेले कॅलेंडर भिंतीवर फार दिवस राहत नाही. घरातली बाई तारखेच्या चौकटीत काय लिहिते ते एकदा पाहून यावे : दूध अर्धा लिटर जास्त, सिलिंडर लावला, कामवाल्या बाईची सुट्टी, पाणी आले नाही. चौकट रिकामी आणि मोठी हवी, कागद पेनाची शाई न पसरणारा हवा. चकचकीत आर्टपेपरवर पेन घसरते, हे छापणारा सांगत नाही. संकष्टीचा चंद्रोदय द्यायचा असेल तर तो सांगलीचा द्यावा. आपण मुंबईच्या पूर्वेला असल्यामुळे येथे चंद्र काही मिनिटे आधी उगवतो, आणि उपास सोडणाऱ्यांना ती मिनिटे कळतात. पंचांगाचा मजकूर दुसऱ्याच्या दिनदर्शिकेतून उचलू नये, तो परवानगीने घ्यावा. शिवाय डिसेंबरच्या अखेरीस प्रत्येक घरात तीन-चार दिनदर्शिका जमा झालेल्या असतात आणि खिळा एकच असतो, म्हणून आपली पहिल्या पंधरवड्यातच पोहोचली पाहिजे.

कापडी पिशवी हा तिसरा भरवशाचा पर्याय आहे. छापील पिशवीची एक गोष्ट या व्यवसायात नेहमी सांगितली जाते : अमेरिकेतील ओहायो राज्यात कोशॉक्टन नावाच्या गावी १८८० च्या दशकात जॅस्पर मीक या वृत्तपत्र चालविणाऱ्याने एका बुटांच्या दुकानासाठी गोणपाटाची दप्तरे छापली आणि ती शाळकरी मुलांना फुकट वाटली. मुले दप्तर घेऊन गावभर हिंडत, म्हणून दुकानाचे नावही हिंडे. आपल्या पिशवीचेही तसेच आहे. ती शनिवारच्या बाजारात, एस.टी. स्टँडवर, गणपती मंदिराच्या रांगेत दिसली पाहिजे. त्यासाठी तिचा बंद खांद्याला अडकेल इतका लांब असावा, आणि त्यावर ‘भव्य सेल’ असे काही छापू नये, कारण दुसऱ्याच्या सेलची पाटी खांद्यावर घेऊन लग्नाला जायला कुणी तयार होत नाही.

बाहेरगावच्या घाऊक खरेदीदारांसाठी मात्र छापील वस्तूपेक्षा इथला माल जास्त बोलतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि पुण्यातील प्रदर्शनात शंभर ग्रॅम बेदाण्याची नीट बांधलेली पुडी समोरच्याच्या हातात दिली की बोलणे आपोआप सुरू होते. मानांकनाचे चिन्ह आपल्या पुडीवर छापायचे असेल तर त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असलेल्याकडूनच माल घ्यावा आणि त्याच्याकडे रीतसर विचारणा करावी. खाण्याचा पदार्थ फुकट दिला तरी त्यावरील लेबलाचे, अन्नपरवान्याच्या क्रमांकाचे नियम सुटत नाहीत. भडंग द्यावासा वाटतो हे मी समजू शकतो, पण तो पावसाळ्यात सादळतो.

तिसरी पायरी : छपाईची पद्धत वस्तूप्रमाणे निवडावी

पिशवी, टोपी आणि कागदासाठी स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेली छपाई, स्वस्त पडते. मात्र प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागत असल्यामुळे चार रंगांचा लोगो थोड्या नगांवर छापायला गेले की दर चढतो. लोगोची एकरंगी आवृत्ती आधीच तयार ठेवली तर बरीच बचत होते. पेनासारख्या गोल आणि लहान वस्तूवर पॅड प्रिंटिंग, म्हणजे मऊ रबरी ठशाने छपाई, करतात. स्टीलच्या बाटलीवर लेझरने कोरलेले नाव घासून जात नाही, पण त्यात रंग येत नाही. मगवर सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने शाई आत उतरविण्याची पद्धत, चालते, कारण त्या मगवर त्यासाठीचा थर दिलेला असतो. तीच पद्धत साध्या सुती कापडावर चालत नाही. टी-शर्ट किंवा टोपीवर भरतकाम उठून दिसते, दर टाक्यांवर ठरतो, आणि अर्ध्या सेंटिमीटरहून बारीक देवनागरी अक्षर धाग्यात बुजते. अनुस्वार तर हमखास जातो. कापडाचा दर विचारताना त्याचे जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन, विचारून कोटेशनवर लिहून घ्यावे. १८० जीएसएमचा टी-शर्ट दाखवून १४० चा पाठविणे ही तक्रार जुनीच आहे.

चौथी पायरी : फाइल, प्रूफ आणि नमुना

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण येथे वाचविलेला एक दिवस पुढे सगळा माल वाया घालवू शकतो. छापणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले लोगोचे चित्र देऊ नये. ते मोठे करताच कडा फाटतात. कोरल ड्रॉमधील सीडीआर किंवा तत्सम व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फाटणारी, द्यावी, आणि देण्यापूर्वी मजकूर कर्व्ह करून घ्यावा. आपल्याकडे अजून अनेक डिझाइनर जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टांत काम करतात. तो फॉन्ट छापणाऱ्याच्या संगणकावर नसला की वेलांट्या सरकतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि कधी सबंध ओळच अगम्य चिन्हांची होते. कर्व्ह केल्यावर अक्षरे चित्ररूप होतात आणि हा धोका संपतो, मात्र त्यानंतर चूक सुधारता येत नाही, म्हणून आधी वाचन, मग कर्व्ह हा क्रम पाळावा.

वाचन म्हणजे काय, हे मला तीनशे पिशव्यांनी शिकविले. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या पिशवीवर ‘शुद्ध हळद’ असे दोनच शब्द होते. प्रूफ मी पाहिले, व्यापाऱ्याने पाहिले, त्याच्या भावानेही पाहिले, आणि तिघांनाही ‘शुध्द’ दिसले नाही. द आधी आणि ध नंतर, हे आपण सगळे शाळेत शिकलेलो असतो. पण ओळखीचा शब्द माणूस वाचत नाही, नुसता ओळखतो. पिशव्या आल्या त्या दिवशी दुकानात बसलेल्या एका निवृत्त गुरुजींनी पहिल्याच नजरेत ती चूक दाखविली आणि ‘शुद्ध शब्दच अशुद्ध झाला की हो,’ असे म्हणून हसले. छपाईचा भुर्दंड मी सोसला. तेव्हापासून माझ्या कामात तीन नियम आहेत. प्रूफ अशा माणसाला वाचायला द्यावे ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही. मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचावा. आणि फोन क्रमांक डोळ्यांनी न तपासता प्रूफवर पाहून प्रत्यक्ष फिरवावा. आपलाच फोन वाजला तर क्रमांक बरोबर.

प्रूफ मंजूर झाले तरी संगणकावरील चित्रावर समाधान मानू नये, एक छापील नमुना हातात घ्यावा. पडद्यावरील हळदी रंग गडद कापडावर मातकट उतरतो. नमुन्याला दोनदा पाण्यातून काढावे, नखाने खरवडावे, एक दिवस दुचाकीच्या डिक्कीत ठेवावे. क्यूआर कोड छापला असेल तर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नसावा आणि साध्या मोबाइलवर वाचून पाहावा. बाटलीसारख्या गोल वस्तूवर तो वळतो आणि कॅमेऱ्याला सापडत नाही. नमुन्यावर तारीख घालून दोघांनी सही करावी व तो आपल्याकडे ठेवावा, म्हणजे माल वेगळा आल्यास बोलायला आधार राहतो. आगाऊ रक्कम देताना पूर्ण पैसे देऊ नयेत, हे सांगायला नको.

पाचवी पायरी : किती आणि केव्हा

नग ठरविताना दरपत्रकाकडे पाहून आकडा वाढविण्याचा मोह होतो. समजा, पाचशे नगांना दर ४० रुपये आहे आणि हजाराला ३२. दुसरा दर स्वस्त वाटतो, पण एकूण बिल २०,००० वरून ३२,००० वर जाते, आणि यादीत नावे चारशेच असतील तर उरलेल्या सहाशे वस्तू माळ्यावर धूळ खातात. यादीतील नावांवर दहा टक्के जास्त धरावे, एवढे पुरते.

दिवाळीच्या वस्तूंची ऑर्डर गणेशोत्सवाआधी गेली पाहिजे, कारण त्यानंतर छापखान्यांत मंडळांची, मग दसऱ्याची आणि दिवाळी अंकांची गर्दी असते. माल लवकर आला तर तो तळमजल्यावर ठेवू नये, ही सूचना सांगलीबाहेरच्या वाचकाला विचित्र वाटेल. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात कृष्णाकाठच्या पेठांत ज्यांचे गोदाम होते, त्यांना वाटणार नाही.

सहावी पायरी : वाटप

काउंटरवर ढीग ठेवून ‘घ्या एक’ म्हणणे हे वाटप नव्हे. वस्तू मालकाने किंवा जबाबदार माणसाने दोन शब्द बोलून हातात द्यावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण लुटतात, तेव्हा कुणी ते टेबलावर ठेवून जात नाही. नाव घेऊन, कुंकू लावून, ओटीत देतात, म्हणून वर्षभराने ‘ही वाटी पाटीलकाकूंकडची’ हे आठवते. दुकानातही हेच करावे. एका वहीत कुणाला, कोणत्या तारखेला, काय दिले हे लिहावे, नाहीतर एकाच गिऱ्हाइकाला तीन पेन मिळतात आणि दहा वर्षांचे जुने गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. दुसऱ्याचा राग पहिल्याच्या आनंदापेक्षा जास्त दिवस टिकतो.

हिशेब आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे तो कर आपल्या देय करातून वजा करण्याची सोय, जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार मिळत नाही. ‘एकावर एक मोफत’ या योजनेत मात्र दोन्ही नग एकाच किमतीत विकले असे धरले जाते आणि क्रेडिट मिळते, असे ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. एखाद्या विक्रेत्याला किंवा डीलरला व्यवसायाच्या संबंधातून वर्षभरात २०,००० रुपयांहून जास्त किमतीच्या भेटी दिल्या, तर १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार त्यावर दहा टक्के टीडीएस भरावा लागतो. आधीच्या वर्षी व्यवसायाची उलाढाल एक कोटीच्या आत असलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्याला यातून सूट आहे. पेन आणि पिशवीला याची भीती नाही, सोन्याच्या नाण्याच्या योजनेला आहे. आपल्या बाबतीत नेमके काय लागू होते ते सीएकडून खात्री करून घ्यावे.

महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे झेंडे व फुग्यांच्या प्लॅस्टिक काड्याही बंद झाल्या आहेत, त्यामुळे १५ ऑगस्टला शाळेत वाटायचे झेंडे कागदी किंवा कापडीच घ्यावेत. कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी ६० जीएसएमपेक्षा पातळ चालत नाही. माझे मत विचाराल तर ती घेऊच नये. मिरज ही डॉक्टरांची नगरी असल्याने औषधाच्या धंद्यातील नवी मंडळी डॉक्टरांना काय द्यावे असे विचारतात. औषध कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटी घेण्यावर वैद्यकीय आचारसंहितेची बंदी आहे आणि २०२४ च्या विपणन संहितेने कंपन्यांवरही कडक बंधने घातली आहेत, म्हणून तेथे दिवाळीचा बॉक्स हा विषयच काढू नये. सरकारी कचेरीच्या बाबतीतही तेच. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात माल गाडीतून नेताना बिल जवळ असू द्यावे.

शेवटची पायरी : उपयोग झाला का ते पाहणे

वाटप झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपास करावा. वस्तूवर दुकानाच्या नेहमीच्या क्रमांकाऐवजी वेगळा मोबाइल क्रमांक छापला असेल तर त्यावर आलेले फोन सरळ मोजता येतात. तेवढी सोय नसेल तर नव्या गिऱ्हाइकाला ‘आमचे नाव कुठून कळले?’ एवढे विचारून वाटपाच्या वहीतच मागील पानांवर खुणा कराव्यात. यादीतील दहा घरी किंवा दुकानी सहज म्हणून जाऊन यावे आणि वस्तू कुठे आहे हे डोळ्यांनी पाहावे. फवारणीच्या त्या वह्यांपैकी एक मला फेब्रुवारीत मणेराजुरीच्या बागेत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर औषधाने पिवळी पडलेली दिसली, आणि तिची पाने शेवटच्या फवारणीपर्यंत भरलेली होती. उरलेल्या नगांची संख्या, सही केलेला नमुना, सीडीआर फाइल असलेला पेनड्राइव्ह आणि छापणाऱ्याचे कोटेशन एका पाकिटात घालून त्यावर वर्ष लिहावे. पुढच्या गणेशोत्सवाआधी तेच पाकीट पहिल्यांदा उघडायचे आहे.